जयंतीची सजावट आणि आपली लेकरं : भ्यायचं कशाला, सावध राहायचं कशापासून?

एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये वर्गणीच्या पावत्या फिरू लागतात. गल्लीत निळ्या पताका लागतात, विहाराला रंग दिला जातो, मधल्या मारुतीच्या बाजारातून लाइटच्या माळा, झिरमिळ्या आणि फुगे घरी येतात. याच दिवसांत बुधवार पेठेतल्या एका वस्तीत आम्ही महिलांची आरोग्य बैठक घेतली. बैठक संपता संपता एक तरुण आई दोन वर्षांच्या लेकराला कडेवर घेऊन पुढे आली.

"सिस्टर, ह्यानं काल लाइटच्या माळेची वायर चावली हो. मोबाइलवर आलंय, त्या माळांत शिसं असतंय, त्यानं कॅन्सर होतोय म्हणून. मी माळच फेकून दिली. आता ह्याला काय होईल का?"

आम्ही लेकराला तपासलं. तोंडात जखम नव्हती, ते खेळत होतं. वायर चावली तेव्हा माळ चालू होती का, हे विचारलं. बंद होती. मग आम्ही त्या ताईला विचारलं, "तुमच्या घरात सजावटीचं अजून काय काय आहे?" तिनं सांगितलं : मोठ्या मुलाचा लुकलुकणारा बिल्ला, फुग्यांचं पाकीट, केक कापताना उडवायचा स्प्रे. शिवाय गेल्या वर्षीच्या जयंतीचा फ्लेक्स गच्चीवर अंथरला होता आणि त्यावर कुरडया वाळत होत्या.

माळ फेकली गेली होती. तिच्याहून जास्त धोक्याच्या चार वस्तू घरातच होत्या.

यात त्या ताईची काही चूक नाही. मोबाइलवर भीती फुकट मिळते, माहिती मिळत नाही. कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः तपासून घ्या, ही तथागतांची कालामांना दिलेली शिकवण आपण विहारात ऐकतो. आरोग्यालाही तीच लागू आहे. म्हणून या वेळच्या पानावर आपण सजावटीची एकेक वस्तू हातात घेऊन तपासू.

शिसं : भीती खरी, पण जागा चुकलेली

आधी एक गोंधळ दूर करू. आपण 'शिसपेन्सिल' म्हणतो, पण तिच्यात शिसं नसतं. तो कार्बनचाच एक प्रकार आहे, ग्रॅफाइट. खरं शिसं म्हणजे बॅटरीत असतो तो जड, मऊ, करडा धातू.

शिसं शरीराच्या कुठल्याच उपयोगाचं नाही. लहान मुलाच्या मेंदूची वाढ, शिकण्याची ताकद आणि वागणूक यांवर ते परिणाम करतं, आणि हे नुकसान पुढे भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रक्तात शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही. २०२० साली युनिसेफने एक अहवाल प्रसिद्ध केला. जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात एक डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे, असा त्याचा अंदाज आहे. त्यातली साडेसत्तावीस कोटी मुलं भारतातली आहेत. म्हणजे आईची भीती पोकळ नाही.

वायरवरचं प्लास्टिक पीव्हीसीचं असतं. ते टिकावं म्हणून त्यात शिशाचे क्षार मिसळण्याची जुनी पद्धत आहे. स्वस्त माळांत ते असू शकतात. पण बंद माळ एकदा चावली म्हणून लेकरू आजारी पडत नाही. शिसं शरीरात साठतं ते थोडं थोडं, रोज पोटात गेल्यानं. म्हणून माळ लावल्यावर आणि काढल्यावर हात साबणानं धुवायचे, लेकराला वायर चघळू द्यायची नाही, एवढं पुरे. माळ फेकून देण्याची गरज नाही.

माळ खरी विषारी होते ती जाळल्यावर. जयंती संपली की तुटक्या माळा गोळा होतात. तांबं भंगारात विकलं जातं, म्हणून काही मुलं गल्लीच्या कोपऱ्यात वायरीचा ढीग पेटवतात. तो काळा धूर म्हणजे जळतं पीव्हीसी. त्यातून घशाला आणि फुप्फुसाला पोळणारा हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो, डायॉक्सिनसारखी घातक रसायनं तयार होतात, आणि प्लास्टिकमधलं शिसं राखेत उतरतं. त्याच मातीत दुसऱ्या दिवशी लहान पोरं गोट्या खेळतात आणि न धुतलेल्या हातानं बिस्किट खातात. वीस-तीस रुपयांच्या तांब्यासाठी आपण आपल्याच लेकरांच्या खेळायच्या जागेत विष पेरतो. वायर विकायची असेल तर न जाळता, आहे तशी भंगारवाल्याला द्या. पैसे थोडे कमी येतील, येऊ द्या.

शिशाची दुसरी जागा म्हणजे जुना रंग. मंडळाच्या लोखंडी कमानी आणि चौकटी वर्षानुवर्षं वापरात असतात. त्यांवर रंगाचे थरावर थर असतात. जयंतीच्या आधी मुलं पॉलिश पेपर घेऊन ते घासतात आणि सगळी धूळ नाकातोंडात जाते. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. त्याआधीचे रंग आणि कारखान्यात वापरायचे रंग या नियमात बसत नाहीत. लोखंडाला लावायच्या जुन्या तांबड्या अस्तरात तर शिशाचीच भुकटी असायची.

म्हणून कमान घासायचीच असेल तर मोठ्या माणसानं, पाणी मारून ओली करून घासावी. कोरडी घासू नये. तोंडाला ओला रुमाल बांधावा. घासलेला गाळ कागदावर गोळा करून बांधून टाकावा. लहान मुलं आणि गरोदर बाया तिथे नकोत. नवा रंग घेताना डब्यावर शिशाचं प्रमाण लिहिलेलं आहे का ते वाचा.

आपल्याच लेकरांना जास्त धोका का?

लहान मूल पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं. अंगात लोह कमी असेल तर शिसं आणखी वेगानं शोषलं जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. म्हणजे दहातली जवळजवळ सात मुलं. एकच धूळ दोन मुलांच्या हाताला लागली, तर ज्याचं पोट भरलेलं नाही त्याला ती जास्त बाधते.

म्हणून शिशाविरुद्धचं पहिलं औषध स्वयंपाकघरातच आहे : पालेभाजी, कडधान्यं, शेंगदाणे, बाजरी, परवडेल तेव्हा अंडं आणि मटण, आणि जेवणावर लिंबू पिळणं, कारण लिंबानं लोह अंगी लागतं. अंगणवाडीतून लोहाचं औषध मिळतं. ते सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा, एक मिलिलिटर द्यायचं असतं. "शी काळी होते" म्हणून बाटली फडताळात ठेवून देऊ नका. शी काळी होणं हे त्या औषधाचं साधं लक्षण आहे, आजार नव्हे.

बटन सेल : जिथे तास मोजायचे असतात

आता त्या लुकलुकणाऱ्या बिल्ल्याकडे येऊ. बिल्ला, बॅटरीवरचा दिवा, गाणं म्हणणारं कार्ड, लाइटचा फुगा, या सगळ्यांत चपटी चकचकीत बटन सेल असते. लेकराला ती गोळीसारखी किंवा नाण्यासारखी दिसते आणि ते तोंडात घालतं.

आम्ही दवाखान्यात नोकरीला असताना असं एक लेकरू आलं होतं. घरच्यांना वाटलं, रुपया गिळला असेल, शीतून पडून जाईल. एक दिवस वाट बघून ते आले. लाळ गळत होती, पाणी गिळता येत नव्हतं. एक्स-रे काढला तर नाणं नव्हतं, सेल होती, आणि ती जिथे अडकली होती तिथली अन्ननलिका भाजली होती. ते लेकरू वाचलं, पण पुढे कित्येक महिने त्याला नळीनं भरवावं लागलं. त्याच्या आईचा चेहरा आम्ही अजून विसरलो नाही. "मला कुणी सांगितलं असतं तर," एवढंच ती म्हणत होती. हे पान लिहिण्याचं एक कारण ती आई आहे.

असं का होतं? सेल ओल्या अन्ननलिकेत अडकली की लाळेतून वीज वाहू लागते आणि तिथे कॉस्टिक सोड्यासारखं जळजळीत द्रव्य तयार होतं. दोन तासांत खोल भाजतं. लाइट लागत नाही म्हणून काढून टाकलेल्या, संपलेल्या सेलमध्येही एवढी वीज शिल्लक असते. २० मिलिमीटरची, म्हणजे साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढी लिथियम सेल सगळ्यात घातक.

सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी :

१. वाट पाहू नका. लगेच निघा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.

२. जवळ एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. आपल्याकडे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, आहे. दारातच सांगा : "बटन सेल गिळली असेल."

३. उलटी करवू नका. केळं, भाकरी, पाणी असं काही देऊन सेल खाली ढकलू नका.

४. मूल एक वर्षाच्या वरचं असेल, सेल गिळून बारा तास झाले नसतील, ते नीट गिळू शकत असेल आणि घरात मध असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. त्यानं भाजणं कमी होतं. पण मध शोधायला थांबू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नका.

५. नाकात किंवा कानात सेल घातली असेल तरी तेवढीच घाई करा. घरी थेंब टाकू नका.

ज्या वस्तूचं सेलचं झाकण स्क्रूनं बंद होत नाही, ती लहान मुलांच्या घरात आणू नका. आणलीच असेल तर झाकणावर चिकटपट्टी मारा आणि जयंती झाली की सेल काढून उंचावर ठेवा.

फुगे, मेणबत्ती आणि स्प्रे

फुटलेल्या फुग्याचा तुकडा मूल तोंडात ओढतं आणि तो घशात पापुद्र्यासारखा चिकटतो. हवा पूर्ण बंद होते. न फुगवलेले फुगे लहान मुलांच्या हाती देऊ नका आणि फुटलेले तुकडे लगेच उचला. मूल गुदमरलं, खोकताही येईना, तर त्याला पुढे वाकवून पाठीवर दोन्ही खवाट्यांच्या मधोमध तळहातानं पाच जोरदार थापा मारा. दिसत नसलेली वस्तू घशात बोट घालून शोधू नका, ती आणखी आत जाते.

वर उडणाऱ्या फुग्यांत पुष्कळदा हायड्रोजन असतो, कारण तो स्वस्त पडतो. ठिणगी लागली की त्याचा भडका उडतो. असे फुगे मेणबत्ती, अगरबत्ती आणि विडी-सिगारेटपासून लांब पाहिजेत. १३ एप्रिलच्या रात्री बारा वाजता विहारात दाटीनं माणसं असतात, मेणबत्त्या लागलेल्या असतात, वर फुगे असतात, आणि कुणीतरी केकवर पांढरा फेसाचा स्प्रे मारतं. त्या स्प्रेच्या डब्यात दाबानं भरलेला ज्वलनशील वायू असतो, स्वयंपाकाच्या गॅसच्याच घराण्यातला. समोर पेटती मेणबत्ती असली तर फेस डोक्यावर पडता पडता पेट घेतो. यावर उपाय फुकटचा आहे : जिथे ज्योत, तिथे स्प्रे नाही आणि फुगा नाही. बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर मेणबत्ती लावायची, त्या कोपऱ्यात झिरमिळ्या आणि थर्माकोल नको.

भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई, तेल काहीही लावू नका. स्वच्छ ओल्या फडक्यानं झाकून दवाखान्यात न्या.

थर्माकोलच्या सजावटीवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे. तरीही कुठे उरलेलं असेल, तर तापलेल्या तारेनं बंद खोलीत कापू नका आणि जाळू नका.

निळा गुलाल : कागदाचा पुडा वाचा

८ मार्च २०१२, धुळवडीचा दिवस. मुंबईत धारावीतल्या वस्तीत मुलं रंग खेळली आणि काही तासांत त्यांना उलट्या आणि चक्कर सुरू झाली. दीडशेहून जास्त जणांना शीवच्या रुग्णालयात न्यावं लागलं, त्यात बहुतेक मुलंच होती. एक मुलगा दगावला. ती आपल्यासारखीच वस्ती होती, आपल्यासारखीच लेकरं होती.

आपलं सोलापूर चादरी-टॉवेलचं गाव. सूत रंगवण्याचे कारखाने इथे आहेत, त्यामुळे कापडाचा रंग इथे सहज हाताला लागतो. "थोडासाच घालायचा, रंग पक्का येतो" म्हणून तो गुलालात किंवा पाण्यात मिसळण्याचा मोह होतो. कारखान्याचा रंग सुतासाठी असतो, कातडीसाठी नव्हे. पुड्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, काय घातलंय ते लिहिलेलं नाही, असा सुटा निळा रंग मंडळानं घेऊच नये.

गुलाल डोळ्यात गेला तर चोळू नका. पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा. दम्याच्या मुलांना उधळणीतून लांब ठेवा. आणि एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. काही रसायनी रंगांनी रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते आणि ओठ, नखं निळसर पडतात. अंगभर निळा रंग असताना हे कुणाच्या ध्यानात येणार नाही. म्हणून मूल मलूल झालं, धाप लागली, चक्कर आली, तर त्याचं तोंड उघडून जीभ बघा. तोंडात रंग गेलेला नसताना जीभ करडी-निळसर दिसली, तर थेट सिव्हिल गाठा आणि रंगाचा पुडा बरोबर न्या.

वीज : रोजची म्हणून विसरलेली

सजावटीतलं कुठलंही रसायन एका क्षणात जीव घेत नाही. वीज घेते. एप्रिलमध्ये सोलापूरचं ऊन चाळिशीच्या वर असतं. वायरीचं स्वस्त प्लास्टिक मऊ पडतं, जोड उघडे होतात, आणि पत्र्याच्या घराला माळ बांधलेली असते. उघडी तार पत्र्याला टेकली की सगळं घर वाहतं होतं.

जोड सेलोटेपनं नव्हे, विजेच्या काळ्या टेपनं बांधा. आयएसआय खूण असलेली वायर घ्या. माळ पत्र्याला, लोखंडी पाइपला, कपडे वाळवायच्या तारेला गुंडाळू नका. खांबावर आकडा टाकू नका. महावितरण उत्सवासाठी तात्पुरती जोडणी देते, तिच्यासाठी १९१२ वर विचारा. मंडळानं फळ्यावर गळती होताच वीज तोडणारा तीस मिलिॲम्पिअरचा ब्रेकर बसवून घ्यावा. जनरेटर भाड्याचा असेल तर त्याच्याही अर्थिंगची खात्री करा. कुणाला शॉक लागला तर आधी मेन स्विच बंद करा, मग माणसाला हात लावा.

फ्लेक्सवरच्या कुरडया

फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी चढवलेलं कापड. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट रसायनं घालतात आणि वर छपाईची शाई असते. तापलेल्या गच्चीवर त्यावर ओला चीक किंवा पापड टाकला की ही रसायनं अन्नाला लागू शकतात. कुरडया, पापड, सांडगे जुन्या धुतलेल्या सुती लुगड्यावर किंवा चादरीवर वाळवा. आपल्या आज्या तेच करत होत्या. फ्लेक्स चुलीजवळच्या भिंतीला किंवा छताला लावू नका, कारण तो पेटला की वितळून अंगावर गळतो. आणि बंबात फ्लेक्स घालून पाणी तापवणं तर कधीच नाही.

मग सजावट करायची कशाची?

कुणी असं समजू नये की आम्ही उत्सवाचा रंग उतरवायला निघालो आहोत. आम्हीही लहानपणी पताका चिकटवल्या, मिरवणुकीत नाचलो. ज्यांना रस्त्यावरून ताठ चालू दिलं जात नव्हतं, त्यांची लेकरं त्या दिवशी शहराच्या मुख्य रस्त्यानं वाजतगाजत जातात, याचं मोल आम्हाला माहीत आहे. म्हणून तर त्या लेकरांना जपायचं.

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे पुष्कळ कारखाने आहेत. तिथे निळ्या-पांढऱ्या कापडाचे कातरलेले तुकडे पडतात. आपल्याच कित्येक बहिणी तिथे शिलाईला आहेत. त्या तुकड्यांच्या पताका शिवल्या तर पाच-सात वर्षं टिकतात आणि धुऊन पुन्हा लावता येतात. कागद, बांबू, झेंडू, मोगरा, सुती कापडाचा पंचशील ध्वज, एवढ्यात विहार उजळतो. कापड आणि कागदही पेटतात, तेव्हा ज्योतीपासून अंतर इथेही ठेवायचं.

मंडळाच्या बैठकीत वर्गणीचा हिशोब होतो, डीजेचा दर ठरतो. त्याच बैठकीत पाच मिनिटं काढून एवढं ठरवा : वायर कोण तपासणार, गुलाल कुठला घेणार, स्प्रे बंद, दुसऱ्या दिवशी काही जाळायचं नाही. आणि ही पाच मिनिटं बोलायला वस्तीतल्या एका आईला उभं करा.

त्या दिवशी बैठकीनंतर आम्ही त्या ताईच्या घरी गेलो. कुरडया सुती चादरीवर घेतल्या, बिल्ल्याच्या झाकणावर चिकटपट्टी मारली, स्प्रे कचऱ्यात टाकला. मग तिनं विचारलं, "आणि माळ? ती तर मी फेकली की ओ." शेजारच्या पोरानं ती उचलून आणली होती. तिचे दोन्ही जोड नीट बांधले, लेकराचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर, लाकडी चौकटीला ती लावली. लेकरू खालून बोट दाखवून हसत होतं.

जयंतीच्या सर्वांना मंगल कामना. जय भीम!